मैलाला तीन पै

आगगाडी म्हटली की मनात प्रथम उभे राहते ते इंजिन. मुंबईच्या रेल्वेचा इतिहास सांगणारेही बहुधा तेथूनच आरंभ करतात. 'साहिब', 'सिंध' आणि 'सुलतान' ही पहिल्या तीन इंजिनांची नावे शाळकरी पोरांनाही पाठ असतात. पण ज्या चिटोऱ्यावाचून गाडीत पाय ठेवण्याची सोय नाही, त्या तिकिटाची बखर फारशी कोणी उघडीत नाही. वास्तविक मुंबईकराच्या संसारात इंजिनापेक्षा तिकिटालाच मान अधिक. डबे कोण ओढतो, याची चौकशी कोणी करीत नाही. पण एकेरी काढावे की परतीचे, महिन्याचा पास काढावा की तिमाही, सेकंड क्लासने जावे की फर्स्टने, हा हिशेब घराघरांतून पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. भाऊबिजेला डोंबिवलीहून पार्ल्याला चौघांनी जायचे तर ओवाळणीच्या आधी तिकिटाचाच विचार होतो. तेव्हा, वाचकहो, फराळाचे ताट पुढे आहे तोवर या हिशेबाची थोडी कुळकथा पाहू.

१६ एप्रिल १८५३ या दिवशी दुपारी साडेतीनच्या सुमारास बोरीबंदरहून ठाण्यास पहिली गाडी निघाली. १४ डबे, ३ इंजिने, सुमारे ४०० माणसे आणि २१ तोफांची सलामी, असा सारा थाट होता. गंमत अशी, की आपल्या देशातल्या या सर्वांत प्रसिद्ध प्रवासाला तिकीट लागले नाही! गाडीत बसलेली मंडळी ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे कंपनीची निमंत्रित पाहुणेमंडळी होती. लग्नाच्या वऱ्हाडाकडे कोणी जेवणाचे पैसे मागत नाही, तसेच हे. आगगाडीचा खरा संसार सुरू झाला तो वऱ्हाड उठून गेल्यावर, म्हणजे साधा माणूस खिडकीशी जाऊन कनवटीचे पैसे मोजू लागला तेव्हा.

ते पैसे किती होते? बोरीबंदर ते ठाणे हे अंतर २१ मैलांचे. पहिल्या वर्गाचे भाडे २ रुपये १० आणे आणि तिसऱ्या वर्गाचे ५ आणे ३ पै. आजच्या मुलांना आणे-पै ऐकूनच ठाऊक, म्हणून सांगायला हवे: १२ पैंचा एक आणा आणि १६ आण्यांचा एक रुपया. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली आणि हे कोष्टक पाठ करण्याची शिक्षा टळली. आता गणित करून पाहा. ५ आणे ३ पै म्हणजे ६३ पै. त्यांना २१ ने भागले की मैलाला बरोबर तीन पै. पहिल्या वर्गाच्या भाड्याच्या होतात ५०४ पै, म्हणजे मैलाला चोवीस. रूळ तेच, गाडी तीच, ठाणे येण्याची वेळही तीच. पण एका डब्यातल्या माणसाने दुसऱ्या डब्यातल्या माणसाच्या आठपट मोजायचे.

त्या काळी विलायतेत बसून हिंदुस्थानची चिंता वाहणाऱ्या पुष्कळ शहाण्यांचा होरा असा होता, की इथला माणूस आगगाडीत बसणारच नाही. जातपात आड येईल, विटाळ आड येईल, गरिबी तर येईलच. तेव्हा या देशात गाडी चालवायची ती मालाच्या जिवावर. हा होरा साफ चुकला. माणसे आली, आणि झुंडीने आली. १८६३ साली गोविंद नारायण माडगावकरांनी 'मुंबईचे वर्णन' हा ग्रंथ लिहिला, तेव्हा आगगाडीला दहाच वर्षे झाली होती. पण तिच्यावाचून मुंबईचे वर्णन पुरे होण्यासारखे राहिले नव्हते. या आलेल्या माणसांत फार मोठा भरणा तिसऱ्या वर्गाचा होता. गादीच्या डब्याने कंपनीची शोभा वाढवली असेल. पण प्रवासी गाड्यांचे पोट भरले ते मैलाला तीन पै देणाऱ्यांनी.

आता या तिकिटाचा जन्म कसा झाला, हे पाहायला थोडे विलायतेस जायला हवे. तिकडे आगगाडी नवीन होती तेव्हा घोड्यांच्या टपालगाडीचीच रीत चालू होती: कारकून वहीत लिहून घेई आणि हाताने लिहिलेली चिठ्ठी फाडून उतारूच्या हातात देई. चार उतारूंना हे ठीक, चारशेंना कसे पुरणार? शिवाय कारकुनाने किती चिठ्ठ्या फाडल्या आणि किती पैसे गल्ल्यात टाकले, याचा पत्ता देवालाच. टॉमस एडमंडसन नावाचा एक सुतारकाम करणारा गृहस्थ धंद्यात बुडून दिवाळखोर झाला होता. पोटासाठी तो १८३६ साली न्यूकॅसल-कार्लाइल मार्गावरच्या मिल्टन नावाच्या लहानशा स्टेशनावर नोकरीस लागला. त्याने जाड पुठ्ठ्याचे, सव्वादोन इंच लांबीचे, आधीच छापून ठेवलेले तिकीट काढले. प्रत्येकावर अनुक्रमांक घातला आणि तारखेचा ठसा उमटवणारे यंत्रही बनवले. सकाळचा पहिला आकडा आणि रात्रीचा शेवटचा आकडा पाहिला, की दिवसाची विक्री कळली. या कल्पनेबद्दल तो रेल्वे कंपन्यांकडून मैलामागे वर्षाला दहा शिलिंग घेऊ लागला आणि हाती पैसा आल्यावर त्याने जुन्या सावकारांची देणी पुरी फेडली.

हेच ते पुठ्ठ्याचे तिकीट. ठसा मारताना होणारा 'खटक्' असा आवाज आमच्या पिढीने मुंबईच्या प्रत्येक खिडकीवर ऐकला आहे. संगणक येईपर्यंत त्याचे राज्य होते. ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी, की तिकिटाचा हा अवतार उतारूपेक्षा कारकुनावर लक्ष ठेवण्यासाठी झाला. उतारूवर लक्ष ठेवण्याचा धडा मुंबईला ट्रामने दिला. ९ मे १८७४ रोजी घोड्यांच्या ट्राम सुरू झाल्या तेव्हा कुलाब्याहून पायधुणीपर्यंत तीन आणे पडत आणि तिकीट असे काही नव्हतेच. पैसे द्यावे आणि बसावे. भाडे पुढे दोन आण्यांवर आले. पण फुकटे इतके वाढले, की त्याच वर्षी तिकिटे छापणे भाग पडले. म्हणजे तिकीट हा दोन्ही बाजूंचा साक्षीदार ठरला: दिल्याचा पुरावा उतारूच्या हाती आणि घेतल्याचा पुरावा कंपनीच्या वहीत.

इथवर गोष्ट झाली ती कधीमधी प्रवास करणाऱ्यांची. रोज प्रवास करणारा मुंबईकर जन्माला आला तो पश्चिमेच्या रुळांवर. बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेने १२ एप्रिल १८६७ रोजी विरारहून बॅकबेपर्यंत एक गाडी सुरू केली. सकाळी पावणेसातला ती विरार सोडी आणि संध्याकाळी साडेपाचला मुंबईहून परत निघे. दिवसाला जाण्याची एक आणि येण्याची एक, एवढाच कारभार. पण या वेळा पाहा: सकाळी जावे, दिवसभर काम उरकावे, संध्याकाळी घरी यावे. नोकरदाराचा दिवस त्या वेळापत्रकात पुरता मावलेला आहे. आणि या गाडीच्या तिसऱ्या वर्गाचा दर? मैलाला तीन पै.

तरीही कारकून आणि कामगार लगेच विरारला राहायला गेले असे नव्हे. गिरगाव, भुलेश्वर, परळ, भायखळा येथल्या चाळींत, कचेरी किंवा गिरणी पायांखाली येईल अशा बेताने माणसे दाटीवाटीने राहत होती. १८९६ साली प्लेग आला आणि दाटीची किंमत काय असते, हे शहराला कळले. १८९८ साली इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. पुढे दादर-माटुंग्याकडे रुंद रस्त्यांच्या, मोकळ्या वाऱ्याच्या वसाहती उभ्या राहिल्या. मग ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हिक्टोरिया टर्मिनसहून, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसहून, कुर्ल्यापर्यंत हार्बर मार्गाने विजेची गाडी धावली आणि ५ जानेवारी १९२८ रोजी कुलाबा-बोरिवली मार्गावरही वीज खेळू लागली. धूर गेला, वेग आला, गाड्या वाढल्या.

वेग आला खरा. पण नुसत्या वेगाने शहर पसरत नाही. पार्ल्याला किंवा डोंबिवलीला स्वस्तात बिऱ्हाड मिळाले, तरी रोजच्या जाण्यायेण्याला तितकेच पैसे लागले तर त्यात मिळवले काय? चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला! ही अडचण ज्या लहानशा कागदाने सोडवली त्याचे नाव पास. ठराविक मुदतीत हवा तितका प्रवास एकाच किमतीत, ही कल्पना इंग्लंडातून आली. पण मुंबईने तिला जितके कामाला लावले तितके क्वचितच कोणी लावले असेल.

पासाचे गणित कागदावर मांडून पाहण्यासारखे आहे. मुंबईच्या लोकलचा दुसऱ्या वर्गाचा मासिक पास बराच काळ सुमारे १५ एकेरी फेऱ्यांच्या भाड्यावर बेतलेला आहे. वरचे किरकोळ अधिभार तूर्त बाजूला ठेवू. महिन्यात २६ दिवस कामावर जाणारा माणूस ५२ फेऱ्या करतो. म्हणजे पैसे १५ फेऱ्यांचे आणि प्रवास ५२ फेऱ्यांचा. साडेसात दिवसांच्या जाण्यायेण्यात पास वसूल झाला. आठव्या दिवसाच्या संध्याकाळपासून पुढे सारा प्रवास पदरात पडला. रेल्वेला हे परवडते कसे, असे कोणी विचारील. पैसे आगाऊ हाती येतात, रोज लक्षावधी लोकांना खिडकीवर तिकीट द्यावे लागत नाही, हा तिचा फायदा. पण तेवढ्याने खर्च भागत नाही, आणि उपनगरी गाड्यांची तूट रेल्वे इतर उत्पन्नातून भरून काढते हे उघड गुपित आहे.

ही तूट म्हणजे नुसता तोटा समजणे मात्र चूक. फोर्टातल्या कचेऱ्या, गोदीतले व्यवहार, काळबादेवीची दुकाने यांना जी माणसे लागत, ती त्या पगारात फोर्टाजवळ राहू शकली नसती. त्यांच्या बिऱ्हाडाचा आणि कामाचा सांधा पासाने जुळवला. पासावर दर महिन्याला काही रुपये वाचले, तेच मुलांच्या फीला आणि दिवाळीच्या कपड्यांना लागले. १ मे १८५४ रोजी रूळ कल्याणला पोहोचले होते. पण कल्याण-डोंबिवली हे मुंबईचे अंगण झाले ते पासधारकांच्या पायांनी. म्हणूनच कित्येक घरांत पास संपण्याची तारीख पंचांगातल्या चतुर्थीइतक्या आठवणीने पाळली जात असे.

वर्गभेदाची कथा याच्याच जोडीने चालते. महात्मा गांधी १२ सप्टेंबर १९१७ रोजी मुंबईहून मद्रासला तिसऱ्या वर्गाने निघाले. तिकिटाला १३ रुपये ९ आणे पडले. २२ माणसांसाठी असलेल्या त्या डब्यातले हाल त्यांनी पुढे पत्रात मांडले आणि एक साधा सवाल केला: पहिल्या वर्गाचे भाडे तिसऱ्याच्या पाचपटीहून थोडे अधिक, मग तिसऱ्या वर्गाच्या उतारूला पहिल्याच्या सुखसोयींचा एकपंचमांश, निदान एकदशांश तरी वाटा मिळतो काय? भाडे आणि सोय यांत काही प्रमाण असावे, एवढेच त्यांचे मागणे होते. स्वातंत्र्य आले, ५ नोव्हेंबर १९५१ रोजी मध्य आणि पश्चिम रेल्वे स्थापन झाल्या. १९७४ साली 'तिसरा वर्ग' हा शब्द गेला आणि तिसऱ्याचा दुसरा झाला. पाटी बदलली, गर्दी तीच राहिली. ५ मे १९९२ रोजी चर्चगेट-बोरिवली अशी केवळ स्त्रियांसाठी लोकल सुरू झाली, तेव्हा पास हे घरातल्या कर्त्या पुरुषाचे एकट्याचे वाण उरले नव्हते, हेही जगजाहीर झाले.

पास किती नाजूक जागी बसला आहे, याचा प्रत्यय जून २०१४ मध्ये आला. भाडेवाढीबरोबर मासिक पासही १५ ऐवजी ३० फेऱ्यांच्या हिशेबाने आकारण्याचे जाहीर झाले. एकेरी तिकिटाचे चार पैसे वाढले तर माणूस कुरकुरतो आणि देतो. पण हा तर महिन्याचा खर्च एकदम दुप्पट होण्याचा प्रसंग. मुंबईत असा गदारोळ झाला, की काही दिवसांतच तो निर्णय मागे घ्यावा लागला आणि १५ फेऱ्यांचा हिशेब कायम राहिला. ३० फेऱ्यांच्या भाड्यात ५२ फेऱ्या हीसुद्धा सवलतच होती, असे कोणी म्हणेल. पण ज्या माणसाने पासाच्या किमतीवर भरवसा ठेवून वसईला किंवा बदलापूरला घर घेतले, त्याला घर उचलून दादरला आणता येत नाही.

आता खिडकीवर उभे राहून योग्य तिकीट कसे निवडावे, याचे उत्तर या इतिहासातच आहे. पहिला प्रश्न फेऱ्यांचा. एका महिन्यात त्याच मार्गावर आठ दिवस जायचे-यायचे असेल तर पास काढावा. त्याहून कमी असेल तर सुटे तिकीट बरे. पाहुणा दिवसभर दहा ठिकाणी हिंडणार असेल तर त्याच्यासाठी १, ३ आणि ५ दिवसांची पर्यटन तिकिटे निघाली आहेत. दुसरा प्रश्न मुदतीचा. तिमाही पास मासिकाच्या २.७ पट, सहामाही ५.४ पट आणि वार्षिक १०.८ पट, असे कोष्टक आहे. तीनही ठिकाणी बचत तेवढीच: दहावा हिस्सा. म्हणून ज्याला वर्षभर त्याच कचेरीत जायची खात्री नाही, त्याने तिमाहीच्या पुढे जाण्यात विशेष लाभ नाही. खिडकीचे हेलपाटे तेवढे वाचतात.

पण या दहाव्या हिश्शात एक काटा लपलेला आहे. ज्याच्या हाती एकदम तीन महिन्यांचे पैसे आहेत त्यालाच ती बचत मिळते. ज्याचा पगार महिन्याच्या महिन्याला संपतो तो मासिक पास काढतो. आणि ज्याची मजुरी रोजची, आज काम आहे, उद्या ठाऊक नाही, तो सुटी तिकिटे काढीत राहतो आणि मैलामागे सगळ्यांत जास्त मोजतो. पैशाकडे पैसा जातो, असे म्हणतात; सवलतही तिकडेच जाते.

तिसरा प्रश्न मार्गाचा. पासावर 'व्हाया दादर' हे शब्द उगाच नसतात. दोन कंपन्यांनी दोन दिशांनी रूळ टाकले आणि ते दादरला शेजारी शेजारी आले. घाटकोपरहून अंधेरीला रेल्वेने जायचे तर दादरचा वळसा ठरलेला. ८ जून २०१४ रोजी वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर ही ११.४ किलोमीटरची मेट्रो सुरू झाली आणि तो वळसा टळला. पण रेल्वेचा पास मेट्रोत चालला नाही. वेळ वाचला आणि खिशात दुसरे तिकीट आले. ऑक्टोबर २०२५ मध्ये 'मुंबई वन' या मोबाइलवरच्या सोयीने रेल्वे, मेट्रो आणि बस यांची तिकिटे एकत्र काढण्याचा मार्ग उघडला. ते आवश्यकच होते. परंतु तिकिटे एकत्र मिळणे वेगळे आणि भाडे एकत्र बसून स्वस्त होणे वेगळे.

चौथा प्रश्न वर्गाचा. २५ डिसेंबर २०१७ रोजी पश्चिम रेल्वेवर पहिली वातानुकूलित लोकल धावली. थंडगार डबे, मिटणारी दारे. पण भाडे ऐकून लोक दाराशीच थबकले. अखेर ५ मे २०२२ पासून एकेरी भाडे निम्म्यावर आणले गेले. पाच किलोमीटरला ६५ रुपये पडत होते तेथे ३० झाले. गर्दी लगेच वाढली. पासाचे दर मात्र त्या वेळी तसेच राहिले. रोज जाणाऱ्याला मिटणारे दार हा निव्वळ चैनीचा भाग नव्हे. उघड्या दारातून पडून माणसे दगावतात ते शहर हे. त्याच्या दृष्टीने एकेरी भाड्यापेक्षा पासाचीच किंमत महत्त्वाची.

तिकिटाचे शरीर तर केव्हाच पालटले. पुठ्ठा गेला, कूपने आली आणि २०१५च्या सुमारास तीही गेली. २००७ साली कार्डावर चालणारी यंत्रे आली. २०१४च्या डिसेंबरात मोबाइलवरचे तिकीट आले. एडमंडसनचा अनुक्रमांक आता कोणाच्या डोळ्यांना दिसत नाही, पण हिशेबाचे काम तो अजून करतो आहे. बदलले नाही ते खिडकीपलीकडचे गणित: कामाच्या जागेपासून किती लांब राहणे आपल्याला परवडेल? १८५३ साली त्याचे उत्तर मैलाला तीन पै असे होते. पुढेमागे आपल्या गावात नव्या गाडीचे उद्घाटन होईल, तोरणे लागतील, डब्यांचा रंग पाहून पोरे हरखून जातील. त्यांना हरखू द्यावे. थोरांनी मात्र हळूच पुढे होऊन महिन्याच्या पासाचा दर विचारून घ्यावा.